नर्सिंग होममधील हॉस्पिस आणि विमा: खाटेचे पैसे कोण भरणार?

मेधा (ओहायो)

नमस्कार. माझी आई ८६ वर्षांची असून तिला अनेक वर्षांपासून डिमेन्शिया आहे. गेल्या महिन्यात घरात पडल्याने तिचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयातून तिला थेट एका नर्सिंग होममध्ये हलवण्यात आले. तेथील खर्च सध्या तिच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेतून (म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेअर, खाजगी कंपनीमार्फत देणाऱ्या योजनेतून) होत आहे, कारण शस्त्रक्रियेनंतरची थेरपी आणि शुश्रूषा ही ‘स्किल्ड’, म्हणजे प्रशिक्षित परिचारिका वा थेरपिस्टच करू शकतील अशा स्वरूपाची समजली जाते. थेरपिस्ट बाई मनापासून प्रयत्न करतात, परंतु त्यांच्या सूचना आईला आता उमगत नाहीत. खाटेच्या कडेवर बसवले की ती दोन्ही मुठींत चादर घट्ट धरते आणि पुन्हा आडवे करेपर्यंत सोडत नाही. जेवण चार-पाच घासांवर आले आहे, वजन झपाट्याने उतरले आहे आणि मध्यंतरी अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन न्यूमोनियाही होऊन गेला.

तेथील डॉक्टरांनी आम्हा बहीण-भावाला बसवून घेऊन हॉस्पिसचा, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी अखेरच्या काळात आराम देणाऱ्या सेवेचा, विचार करावा असे सांगितले आणि आम्हाला ते पटले. परंतु त्याच दिवशी नर्सिंग होमच्या बिलिंग विभागाने सांगितले की हॉस्पिसच्या कागदावर सही झाली की योजनेकडून येणारे पैसे थांबतील आणि खोली व जेवणाचा खर्च, म्हणजे दिवसाला ३०० डॉलरहून अधिक रक्कम, आम्हाला स्वतः भरावी लागेल. विमा योजनेच्या प्रतिनिधी मात्र फोनवर हॉस्पिसची माहिती मोठ्या तत्परतेने देत होत्या. एकाच आजारी माणसाबद्दल डॉक्टर एक सांगतात, बिलिंग विभाग दुसरे सुचवतो आणि विमा योजना तिसरेच बोलते, यामुळे आम्ही पुरते गोंधळलो आहोत.

हॉस्पिस घ्यायचे की नाही हा वैद्यकीय निर्णय असताना त्यात विम्याचा प्रकार इतका आड का येतो? खाजगी योजनेऐवजी सरकार थेट चालवते ते मूळ मेडिकेअर असते तर काही वेगळे घडले असते का? आणि आईला वेदनेपासून आराम मिळण्यासाठी आम्हाला खरोखरच थेरपीचे दिवस संपण्याची वाट पाहावी लागेल का? भावाचे म्हणणे आहे की योजनेचे दिवस आहेत तोवर हॉस्पिसचे नावही काढू नये. मला ते मनातून पटत नाही, परंतु त्याचा हिशेब चुकीचा आहे असेही म्हणता येत नाही.

सुनंदा

मेधाताई, मी निवृत्त होईपर्यंत नर्सिंग होममध्ये समाजसेविका म्हणून काम केले आणि तुमच्यासारख्या असंख्य कुटुंबांबरोबर नेमके हेच बोलणे केले आहे. बिलिंग विभागाने तुम्हाला सांगितले ते नियमाला धरून आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी हा नियम मुळात कोणासाठी बनवला गेला, ते पाहावे लागते.

मेडिकेअरमध्ये हॉस्पिसचा लाभ १९८२ च्या कायद्याने आला आणि १९८३ पासून सुरू झाला. त्या वेळी डोळ्यांसमोर होता तो मुख्यतः कर्करोगाचा, आपल्या घरी राहणारा आणि घरचे कोणीतरी काळजी घेत असलेला रुग्ण. आजार आपल्या नेहमीच्या गतीने गेला तर आयुष्य ६ महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असे दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचे. रुग्णाने त्या आजारावरचे बरे करणारे उपचार मेडिकेअरकडून घेण्याचा हक्क सोडायचा. आणि त्या बदल्यात परिचारिका, डॉक्टर, औषधे, खाट, ऑक्सिजन, आंघोळ घालणारी मदतनीस, समाजसेविका आणि धर्मोपदेशक हे सारे घरी यायचे, अशी ती रचना आहे. घरी राहणाऱ्या माणसाच्या छपराचे आणि जेवणाचे पैसे मेडिकेअरने देण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे नर्सिंग होम हेच ज्यांचे घर, त्यांनाही हा लाभ लागू झाला, पण छपराचे आणि जेवणाचे पैसे या लाभात कधीच आले नाहीत. तुमच्या आईच्या खाटेच्या पैशांची सारी अडचण या एका पोकळीतून निर्माण होते.

याउलट रुग्णालयातून बाहेर पडल्यावर मिळणारा स्किल्ड नर्सिंगचा लाभ खोली आणि जेवणासकट असतो. मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठी रुग्णालयात सलग ३ दिवस आंतररुग्ण म्हणून राहिलेले असावे लागते, जास्तीत जास्त १०० दिवस मिळतात, पहिले २० दिवस पूर्ण मोफत असतात आणि २१ व्या दिवसापासून रुग्णाला रोज ठरावीक रक्कम भरावी लागते. २०२५ साली ती २०९ डॉलर ५० सेंट होती. ॲडव्हांटेज योजना ३ दिवसांची अट माफ करू शकतात आणि रुग्णाच्या वाट्याची रक्कमही आपल्या पद्धतीने ठरवतात, त्यामुळे तुमच्या योजनेची पुस्तिका तपासावी. महत्त्वाचे हे की एकाच आजारासाठी हे दोन्ही लाभ एकाच वेळी मिळत नाहीत. खुब्याच्या हाडासाठी स्किल्ड आणि डिमेन्शियासाठी हॉस्पिस असे दोन वेगळे आजार दाखवून दोन्ही चालू ठेवणे कागदावर शक्य आहे, परंतु प्रत्यक्षात ते विरळाच घडते, कारण आयुष्याच्या अखेरीस जवळजवळ प्रत्येक तक्रार ही मूळ आजाराशी संबंधित मानावी अशी मेडिकेअरची भूमिका आहे.

म्हणून कुटुंबासमोर असा पेच उभा राहतो की आईला हवे ते हॉस्पिस, पण खाटेचे पैसे येतात ते स्किल्डमधून. असा पेच फक्त तुमच्याच घरात आहे असे समजू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले होते की मेडिकेअरमधील सुमारे ३० टक्के वृद्धांनी आयुष्याच्या शेवटच्या ६ महिन्यांत हा रुग्णालयानंतरचा स्किल्ड लाभ वापरला होता. त्यांतील कित्येकांना थेरपीने बरे होण्याची आशा होती, हे खरेच. पण कित्येकांच्या बाबतीत थेरपी हा केवळ खाटेचे पैसे मिळवण्याचा मार्ग होता, असे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून निश्चित म्हणेन. त्या माणसांना उचलून खुर्चीत बसवले जात असे, मिनिटे मोजली जात असत, नोंदी केल्या जात असत आणि त्यांच्या वेदनेकडे त्या मानाने फार कमी लक्ष जाई.

आता मेडिकेडकडे, म्हणजे कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीच्या सरकारी विम्याकडे वळू, कारण तिथे चित्र पूर्ण बदलते. नर्सिंग होममध्ये कायमचे राहणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या खाटेचे पैसे मेडिकेड देते. असा रहिवासी हॉस्पिसमध्ये गेला की हॉस्पिसच्या सेवेचे पैसे मेडिकेअर देते आणि खोली व जेवणासाठी राज्याचे मेडिकेड, नर्सिंग होमच्या नेहमीच्या दराच्या किमान ९५ टक्के रक्कम हॉस्पिस संस्थेला देते आणि ती संस्था ते पैसे नर्सिंग होमकडे वळते करते. कुटुंबाचा खर्च वाढत नाही. रहिवाशाच्या उत्पन्नातून जो वाटा आधी जात होता तोच पुढे जातो. जे कुटुंब आधीपासून स्वतःच्या खिशातून खाटेचे पैसे भरत आहे त्याचेही हॉस्पिसमुळे काहीच नुकसान होत नाही, उलट औषधे, साहित्य आणि मदतीचे हात विनामूल्य मिळतात. म्हणजे नुकसान होते ते नेमके तुमच्या आईच्या स्थितीतील माणसाचे: जी रुग्णालयातून नुकतीच आली आहे, जिची खाट सध्या स्किल्ड लाभावर आहे आणि जिला मेडिकेड नाही.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा, की आईच्या नावावर फारशी मालमत्ता नसेल तर मेडिकेडचा अर्ज आजच सुरू करा, हॉस्पिसचा निर्णय होण्याची वाट पाहू नका. मेडिकेड मागील ६० महिन्यांतील देणग्या आणि मालमत्तेची हस्तांतरणे तपासते, म्हणून बँकेचे कागद जमवायला वेळ लागतो. दीर्घकालीन शुश्रूषेचा खाजगी विमा कधी घेतलेला असेल तर तोही शोधून काढा. हॉस्पिस सुरू झाले तरी तो बहुधा खोलीचे पैसे देत राहतो.

शिरीष

सुनंदाताईंनी खाटेचा हिशेब स्पष्ट केलाच आहे. मी आरोग्य विम्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून योजनेच्या प्रतिनिधी इतक्या तत्पर का होत्या, ते सांगतो. त्या व्यक्ती म्हणून वाईट असतील असे मुळीच नाही, परंतु त्यांच्या योजनेचा आर्थिक कल कोणीकडे आहे हे तुम्हाला माहीत असलेच पाहिजे.

ॲडव्हांटेज योजनेला प्रत्येक सभासदामागे सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते आणि त्यातून तिने सभासदाच्या उपचारांचा खर्च करायचा असतो. हॉस्पिस मात्र सुरुवातीपासून या व्यवस्थेच्या बाहेर ठेवलेले आहे. तुमच्या आईने हॉस्पिस निवडले की हॉस्पिसचे पैसे योजना देत नाही, मूळ मेडिकेअर देते. मूळ आजाराशी संबंध नसलेल्या उपचारांसाठीही मूळ मेडिकेअरचा मार्ग खुला राहतो. योजनेचे सभासदत्व टिकते, हप्ता चालू राहतो, चष्मा-दातांसारखे जादा लाभही राहतात, परंतु योजनेला मिळणारी मुख्य मासिक रक्कम पुढच्या महिन्यापासून थांबते. शेवटच्या महिन्यांतील रुग्ण हा योजनेसाठी सर्वांत खर्चिक सभासद असतो आणि हॉस्पिसची सही झाली की तो खर्च योजनेच्या वहीतून दुसऱ्या वहीत जातो. त्यामुळे ॲडव्हांटेजमधील लोकांत हॉस्पिसचा वापर मूळ मेडिकेअरपेक्षा पूर्वीपासून काहीसा जास्त राहिला, यात नवल नाही. योजनांकडे सभासदांशी संपर्क ठेवणारी माणसे असतात आणि मूळ मेडिकेअरमध्ये तसे कोणी नसते, हेही त्यामागचे एक कारण आहे आणि ते चांगले कारण आहे.

या दोन वह्या एकत्र कराव्यात म्हणून सरकारने जानेवारी २०२१ पासून एक प्रयोग केला. त्यात सहभागी झालेल्या योजनांनी हॉस्पिसचे पैसेही स्वतःच द्यायचे होते. योजनेवरच सारी जबाबदारी आली तर ती रुग्णाला वेदनाशामक सेवा लवकर देईल आणि हॉस्पिसकडे सहजतेने नेईल, अशी अपेक्षा होती. सहभागी योजना कमी होत गेल्या, पैशांचे व्यवहार हाताळणे अवघड झाले आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी हॉस्पिसचा हा भाग बंद करण्यात आला. म्हणून आजही नियम जुनाच आहे: ॲडव्हांटेजचा सभासद हॉस्पिसच्या दारातून आत गेला की तो मूळ मेडिकेअरचा रुग्ण होतो.

नर्सिंग होमचा कल याच्या उलट्या दिशेने असतो. स्किल्ड दिवसाचा दर मेडिकेडच्या दरापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे तो दिवस टिकवण्यात नर्सिंग होमचे हित असते. तुमच्या घरच्या बैठकीत हे दोन्ही कल एकाच वेळी हजर होते आणि तुम्हाला गोंधळल्यासारखे वाटले ते त्यामुळेच.

आणखी एक प्रकार इथे नोंदवतो, कारण पुढेमागे कोणीतरी त्याबद्दल विचारेल. ज्यांना नर्सिंग होममध्ये ९० दिवस किंवा अधिक काळ राहावे लागणार आहे, त्यांच्यासाठी संस्थात्मक स्पेशल नीड्स योजना हा ॲडव्हांटेजचाच एक प्रकार असतो. या योजना आपली नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषधे लिहून देऊ शकणारी उच्चशिक्षित परिचारिका) थेट नर्सिंग होममध्ये ठेवतात. रुग्णाला ताप आला की रुग्णवाहिका बोलावण्याऐवजी ती स्वतः येऊन तपासते आणि जागेवरच उपचार सुरू करते. रुग्णालयाच्या फेऱ्या त्यामुळे टळू शकतात आणि ही गोष्ट डिमेन्शियाच्या रुग्णासाठी फार मोलाची आहे. मात्र हॉस्पिसची सही झाली की या योजनेचीही मासिक रक्कम जाते, त्यामुळे ‘आम्हीच सारे पाहत आहोत, वेगळ्या हॉस्पिसची काय गरज’ असे सुचवले जाण्याची शक्यता असते. कधी ते खरेही असते. तरीही हॉस्पिसची परिचारिका रात्री-अपरात्री फोनवर उपलब्ध असते, तशी सोय त्या योजनेत आहे का आणि औषधांचा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेणार, हे विचारून घ्यावे.

मूळ मेडिकेअर असते तर काय झाले असते, असे तुम्ही विचारले आहे. खाटेचा पेच तसाच राहिला असता. फरक इतकाच, की स्किल्डचे दिवस कोणी दर आठवड्याला तपासून थांबवले नसते आणि हॉस्पिसची आठवण करून देणारा फोनही आला नसता.

कल्पना

मी हॉस्पिसची परिचारिका आहे आणि माझे बहुतेक रुग्ण नर्सिंग होममध्येच असतात. वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु सगळा दोष विम्याच्या माथी मारण्याशी मी सहमत नाही. डिमेन्शियामध्ये ६ महिन्यांचे भाकीत करणे अत्यंत अवघड असते. कर्करोगाचा उतार बराचसा दिसतो. डिमेन्शियाचा रुग्ण एका न्यूमोनियात जातो किंवा त्याच अवस्थेत दोन वर्षे राहतो. म्हणून हॉस्पिससाठी आम्ही ठोस खुणा पाहतो: बोलणे मोजक्या शब्दांवर आले आहे का, आधाराशिवाय चालता येते का, गेल्या वर्षभरात अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला का, खोल जखमा झाल्या का, ६ महिन्यांत वजन १० टक्क्यांनी घटले का. तुम्ही लिहिलेल्या वर्णनात यांतील अनेक गोष्टी आहेत. विमा कोणताही असो, तुमच्या आईची तपासणी आजच मागता येईल. तपासणी करून घेणे म्हणजे सही करणे नव्हे आणि तिच्यामुळे स्किल्डचा एकही दिवस कमी होत नाही.

नर्सिंग होममधील हॉस्पिस प्रत्यक्षात कसे दिसते, हेही सांगायला हवे, कारण कुटुंबांची कल्पना बहुधा वेगळी असते. आम्ही चोवीस तास खाटेशेजारी बसत नाही. भरवणे, कूस बदलणे, कपडे बदलणे हे नर्सिंग होमचे कर्मचारीच करतात. आमची परिचारिका आठवड्यातून एक-दोनदा आणि गरज वाढली की रोज येते. मदतनीस आठवड्यातून काही वेळा आंघोळ घालून जाते. परिचारिकांच्या टेबलावर मग दोन फायली असतात, एक नर्सिंग होमची आणि एक हॉस्पिसची, आणि त्या दोन फायलींत एकच गोष्ट लिहिलेली आहे ना, हे पाहणे हे माझ्या कामातील सर्वांत महत्त्वाचे काम असते. एका फाइलमध्ये मॉर्फिनचे थेंब दर चार तासांनी गरजेनुसार असे लिहिलेले असते आणि दुसऱ्या फाइलमध्ये त्यांचा उल्लेखच नसतो, तेव्हा रात्रपाळीची परिचारिका थेंब देत नाही आणि रुग्ण सकाळपर्यंत कण्हत राहतो. कुटुंबाने या दोन फायली अधूनमधून एकत्र मागून पाहाव्यात, हे मी आवर्जून सांगते.

पैशांचा कल हॉस्पिस संस्थांनाही असतो, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. आम्हाला मेडिकेअर दिवसागणिक पैसे देते. भेट झाली काय आणि न झाली काय, दर तोच. त्यामुळे हळूहळू ढासळणारा, नर्सिंग होममध्ये एकाच छताखाली सापडणारा डिमेन्शियाचा रुग्ण काही संस्थांना फार सोयीचा वाटतो. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०११ साली दाखवून दिले होते की शेकडो हॉस्पिस संस्थांचे दोन तृतीयांशांहून अधिक रुग्ण नर्सिंग होममध्ये होते आणि त्यांतील बहुतेक संस्था नफा कमावणाऱ्या होत्या. त्यानंतर जानेवारी २०१६ पासून दर बदलला: पहिल्या ६० दिवसांना जास्त आणि पुढच्या दिवसांना कमी. २०२५ च्या आर्थिक वर्षात ते दर दिवसाला सुमारे २२५ आणि १७७ डॉलर होते. आयुष्याच्या शेवटच्या ७ दिवसांत परिचारिका किंवा समाजसेविका प्रत्यक्ष आली तर जादा रक्कम मिळते. हे बदल मला योग्य वाटतात, कारण खरी मदत सुरुवातीला आणि शेवटी लागते.

तरीही या सेवेचा उपयोग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१५ साली आलेल्या अभ्यासानुसार नर्सिंग होममधील मृतांपैकी हॉस्पिस घेतलेल्यांचे प्रमाण २००४ मध्ये २७.६ टक्के होते, ते २००९ मध्ये ३९.८ टक्के झाले. या वाढीबरोबर रुग्णालयात हलवणे, नळीने अन्न भरवणे आणि विशेषतः अतिदक्षता विभागातील उपचार कमी झाले. मेडिकेअरचा खर्च मात्र कमी न होता प्रत्येक रुग्णामागे सरासरी ६,७६१ डॉलरने वाढला. वर्तमानपत्रांतून या आकड्यावर बरीच टीका झाली. माझे मत असे, की ज्याला घास गिळता येत नाही त्याला अतिदक्षता विभागातील नळ्या आणि आवाज यांपासून वाचवणे हे खर्च वाढूनही करण्यासारखे काम आहे. खर्च कोणत्या संस्थेच्या हाती जातो यावर अवश्य लक्ष ठेवावे, परंतु त्या कारणाने रुग्णाला सेवेपासून दूर ठेवू नये.

विनायक

एक छोटी भर घालतो, कारण इथे उशिरा अमेरिकेत आलेल्या आईवडिलांची काळजी घेणारे बरेच वाचक असतील. हॉस्पिसचा लाभ मेडिकेअरच्या भाग ‘ए’मध्ये आहे. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या जोडीदाराने इथे १० वर्षे कर भरून काम केलेले नाही, त्यांना भाग ‘ए’ दरमहा हप्ता भरून विकत घ्यावा लागतो. तो महाग असल्याने अनेक कुटुंबे फक्त भाग ‘बी’ घेतात. तसे असेल तर डॉक्टरांच्या भेटींचे पैसे मिळतात, परंतु मेडिकेअरचे हॉस्पिस मिळत नाही, स्किल्ड नर्सिंगचे दिवस मिळत नाहीत आणि ॲडव्हांटेज योजनेतही जाता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली ५ वर्षे बहुतेकांना केंद्राच्या नियमांनुसार पूर्ण मेडिकेडही मिळत नाही. आईवडिलांच्या कार्डावर ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही आहेत का, हे त्यांची तब्येत चांगली असतानाच पाहून ठेवावे.

मेधा (ओहायो)

सर्वांची मनापासून आभारी आहे. आईच्या कार्डावर दोन्ही भाग आहेत, कारण बाबांनी इथे नोकरी केली होती. मेडिकेडच्या अर्जासाठी कागद जमवायला आम्ही सुरुवात केली आहे. भावाशीही शांतपणे बोलणे झाले. त्याची भीती पैशांची होती तितकीच, हॉस्पिस म्हणजे आपण आईला सोडून दिले असे होईल, याचीही होती. कल्पनाताईंचे उत्तर त्याने दोनदा वाचले.

आज मात्र योजनेकडून नोटीस आली आहे की आईच्या प्रकृतीत सुधारणा दिसत नसल्यामुळे स्किल्ड सेवा परवापासून थांबवण्यात येत आहे. यावर अपील करावे का, की हॉस्पिसकडे जाण्याची हीच वेळ समजावी? आणि अपील केले तर तोवर आईच्या वेदनेचे काय? तिला हलवले की ती ओरडते.

सुनंदा

मेधाताई, वेदनेपासून सुरुवात करते, कारण त्याला थांबता येणार नाही. पॅलिएटिव्ह सेवा (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) आणि हॉस्पिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलिएटिव्ह डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर यांची भेट इतर कोणत्याही तज्ज्ञाच्या भेटीसारखी योजनेतून होते, तिला ६ महिन्यांची अट नाही आणि तिच्यामुळे स्किल्डचे दिवस थांबत नाहीत. आजच्या आज नर्सिंग होमच्या डॉक्टरांकडे ती मागा. थेरपीच्या किंवा मलमपट्टीच्या आधी अर्धा तास वेदनाशामक देण्याचा लेखी आदेश ते स्वतःही आजच देऊ शकतात. पुन्हा रुग्णालयात नेऊ नये असे तुम्हा दोघांना वाटत असेल तर तोही आदेश लिहून घ्या आणि हृदय किंवा श्वास थांबल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करू नयेत असे वाटत असेल तर ओहायोचा ‘डीएनआर कम्फर्ट केअर’ हा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने फाइलला लावून घ्या. या सर्वांसाठी हॉस्पिसची सही लागत नाही.

आता नोटिशीबद्दल. ‘सुधारणा दिसत नाही’ एवढेच कारण पुरेसे नसते. २०१३ च्या ‘जिमो’ खटल्यातील समझोत्यानंतर मेडिकेअरने स्पष्ट केले आहे की असलेली स्थिती टिकवण्यासाठी किंवा ऱ्हास मंदावण्यासाठी कुशल परिचारिकेची वा थेरपिस्टची गरज असेल, तर सुधारणा न होताही स्किल्ड लाभ मिळू शकतो आणि जानेवारी २०२४ पासून ॲडव्हांटेज योजनांनाही मूळ मेडिकेअरचेच निकष पाळावे लागतात. जलद अपिलाचा फोन क्रमांक त्या नोटिशीवरच छापलेला असतो आणि सेवा थांबण्याच्या आदल्या दिवशी दुपारी १२ वाजेपर्यंत फोन करावा लागतो. म्हणजे तुम्हाला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. निर्णय योजना घेत नाही, बाहेरची गुणवत्ता परीक्षण संस्था घेते. अपील करावे असे मी सांगेन, मात्र थेरपी चालू ठेवण्यासाठी म्हणून नव्हे. जखम, गिळण्याचा त्रास, औषधांचे बदल अशा ज्या गोष्टींसाठी आईला खरोखर कुशल परिचारिका लागते त्यांच्या आधारे करावे आणि ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अपील फेटाळले गेले तर तेवढे दिवस खाटेची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, याचीही तयारी ठेवा.

अपिलाचा निकाल येईपर्यंत हॉस्पिसची तयारी पूर्ण करून ठेवता येते. आधी नर्सिंग होमला विचारा की त्यांचा लेखी करार कोणत्या हॉस्पिस संस्थांशी आहे, कारण करार नसलेली संस्था तिथे येऊ शकत नाही. अशा दोन संस्थांना तपासणीसाठी बोलवा. रात्री फोन केल्यावर परिचारिका प्रत्यक्ष किती वेळात येते आणि शनिवार-रविवारी येते का, हे त्यांना विचारा. कोणती औषधे व सेवा त्या ‘मूळ आजाराशी संबंध नसलेल्या’ म्हणून देणार नाहीत, याची लेखी यादीही मागा. मागितल्यास ती द्यावी लागते. एखाद्या दिवशी वेदना किंवा धाप साध्या उपायांनी आटोक्यात येईनाशी झाली, तर हॉस्पिसमध्ये ‘जनरल इनपेशंट’ नावाची तीव्र सेवेची पातळी आहे. त्या मोजक्या दिवसांत खोली आणि जेवणाचा खर्चही मेडिकेअर देते, परंतु ती संकटापुरतीच असते, म्हणून तिच्या भरवशावर महिन्याचा हिशेब मांडू नका.

हॉस्पिसच्या निवडपत्रावर सही एका दिवशी आणि प्रारंभ नंतरच्या तारखेपासून, असे करता येते. मागची तारीख मात्र घालता येत नाही. त्यामुळे स्किल्डचा शेवटचा दिवस कळला की त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख निवडपत्रावर घाला, म्हणजे आईचा एकही दिवस विनासेवेचा जाणार नाही. पुढे विचार बदलला तर हॉस्पिस केव्हाही लेखी देऊन सोडता येते, हेही भावाला सांगा.